डबा टीव्हीला नवा ब्लू-रे प्लेअर: कन्व्हर्टर की जुना डीव्हीडी प्लेअर?

जालन्याचा मावसभाऊ पेचात आहे. नव्या प्लेअरला फक्त एचडीएमआय (डिजिटल वायरीचं भोक), तर घरच्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकं. 2013 नंतरच्या ब्लू-रे प्लेअरमधून ॲनालॉग चित्र (पिवळ्या वायरीतून जाणारं) निघतच नाही, त्यामुळे नुसती वायर बदलून भागत नाही.

खर्च: कन्व्हर्टर, म्हणजे एचडीएमआयचं चित्र पिवळ्या वायरीत उतरवणारी डबी, चार-पाचशेत येतो. जुना डीव्हीडी प्लेअर ओळखीत फुकटही मिळेल.

खटपट: खरी मेख इथे आहे. डबी ‘एचडीएमआय टू एव्ही’च हवी, दुकानदार हमखास उलट्या कामाची, ‘एव्ही टू एचडीएमआय’ देतो, आणि ती इथे कामाची नाही. तिला यूएसबीतून 5 व्होल्ट लागतात. डबीचं बटण ‘पाल’वर (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) ठेवा, नाहीतर चित्र काळं-पांढरं दिसू शकतं. डबी एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) मानत नसेल तर पडदा कोराच. डीव्हीडी प्लेअरच्या तीन पिना त्या-त्या रंगात खोचल्या की झालं.

चित्र: दोन्हीकडे जवळपास सारखंच. पिवळ्या वायरीतून फुल एचडी जात नाही, खोक्यावर ‘1080पी’ कितीही मोठं छापलेलं असो.

टिकाऊपणा: डबी स्वस्तातली, पण बिघडायला फिरता भाग नाही. जुन्या प्लेअरची लेन्स धुळीने दगा देते, अन् आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही.

ब्लू-रे डिस्क बघायच्या असतील तर कन्व्हर्टरच, डीव्हीडी प्लेअर त्या वाचत नाही. लग्नाच्या जुन्या डीव्हीडीच लावायच्या असतील तर जुना प्लेअर बरा.