प्रिंट केलेले पार्ट मागवताय? आधी ग्रॅम विचारा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सुतारकामाचं दुकान आहे. नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची नक्षी हातानंच कोरतो. टेबलावर मावेल असं सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारं कोरीवकामाचं यंत्र, किटमधून जोडायचं दोन वर्षं मनात होतं. मोटारी, पाइप, बेअरिंग जमवले. राहिले थ्रीडी प्रिंटरवर काढायचे पार्ट: कोपऱ्याचे ठोकळे, बेअरिंगचे ब्रॅकेट, मोटारीचे माउंट. आमच्याकडे प्रिंटर कोणाकडेच नाही.

नागपुरातल्या एकाशी फोनवर ठरलं. पीएलए (रिळावर येणारं प्रिंटरचं प्लास्टिक), चार वॉल (बाहेरच्या भिंतीचे पदर), ५० टक्के इनफिल (आतली जाळी किती भरीव ते), ग्रॅमला ५ रुपये. "एक किलो नऊशे ग्रॅम होते भाऊ, साडेनऊ हजार पूर्ण टाका, रीळ आणा लागते." कापसाचा चुकारा नुकताच आला होता, त्यातून टाकले.

पौषात खोकं आलं. पार्ट वरून गुळगुळीत, ६०८ नंबरचं बेअरिंग नेमकं बसलं. बायकोला बोलावून दाखवलं. मग पाइपवर ठोकळा चढवून बोल्ट आवळायला घेतला. पान्याचा अर्धा फेराही झाला नसेल, कट्ट आवाज आला आणि ठोकळा दोन थरांच्या मधून सरळ फाटला. दुसरा हेक्सा ब्लेडनं कापून पाहिला. चारच्या जागी दोनच वॉल, म्हणजे भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि आत विरळ जाळी. सगळे पार्ट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. भरले १,०९० ग्रॅम. ८१० ग्रॅम कमी!

फोन केला तर म्हणे, "तुमच्याकडच्या उन्हानं नरम पडले असतील." पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ होतं हे खरं, मे महिन्यात टिनाखाली मशीन ठेवणाऱ्यानं ते ध्यानात घ्यावंच. पण मऊ झालेला पार्ट वाकतो, असा थरावर तडकत नाही. आणि पौषात कुठलं आलं ऊन? मग म्हणाला, धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. हेही खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आले नाहीत.

प्रिंट सुरू होण्याआधीच स्लायसर, म्हणजे प्रिंटरसाठी पार्टचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक पार्टचं वजन दाखवतं. मला हे ठाऊक नव्हतं. त्या स्क्रीनचा फोटो, वॉल आणि इनफिलच्या आकड्यांसकट, व्हॉट्सअॅपवर मागून घ्या. नाही म्हणाला तर पैसे टाकू नका. आधी एकच ठोकळा मागवा, काट्यावर ठेवा, आवळून पाहा, मग बाकीचे सांगा.

आता यवतमाळला शिकणाऱ्या एका पोराकडून परत काढून घेतोय. त्यानं न मागता स्क्रीनचा फोटो धाडला. त्यात मोठा ठोकळा १३८ ग्रॅम होता, काट्यावर १३७ भरला. नागपूरचा ८० भरला होता.