लायनफिश घेतला, आणि हे दुकान का आवडलं

दांडिया बाजारात राहतो, तीन वर्षं मरीन टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी) सांभाळतोय, त्यामुळे बडोद्यातली माशांची बहुतेक दुकानं पालथी घालून झालीत. मागे दुसरीकडून लायनफिश आणला होता तेव्हा काटे विषारी असतात एवढंसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं, टाकी साफ करताना बोटात घुसला आणि कोपरापर्यंत ठणका, मी बर्फ लावत बसलो जे साफ चुकीचं होतं.

इथे काऊंटरवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, भाई टाकी किती लिटरची? चारशे म्हटल्यावर मग पुढे बोलला. काचेला बोट लावून काटेच मोजून दाखवले, पाठीवर १३, पोटाखाली दोन बाजूंना एकेक, मागच्या खालच्या पराला ३, म्हणजे १८ आणि सगळे विषारी. ते पंख्यासारखे पसरलेले मोठे पर ज्यांना सगळे घाबरतात ना, त्यांत विष नसतं! लागलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवायचा, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास, कारण विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने मोडतं, आणि डॉक्टरकडे जायचंच.

शेजारच्या टाकीत दगडासारखा निपचित पडलेला तपकिरी मासा होता, लेबल नुसतं 'रॉकफिश'. मला वाटलं काहीतरी वेगळंच असणार. मालककाकांनी टॉर्च मारून गाल दाखवला, डोळ्याखालून कल्ल्याच्या झाकणाकडे गेलेली हाडाची कड, आणि तीच लायनफिशलाही. दोघेही स्कॉर्पिनिडी, विंचूमाशांच्या कुटुंबातले. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये लायनफिशला स्टिकलबॅक नावाच्या काटेरी माशांच्या गटात, गॅस्टेरोस्टियसमध्ये घातलं होतं, लायनफिशच्या गटाचं आजचं टेरॉइस हे शास्त्रीय नाव १८१७ मधलं. कुटुंबाच्या वरचा मोठा गट, म्हणजे गण, तर अजून हलतोच आहे, जुनी पुस्तकं स्कॉर्पिनिफॉर्मिस म्हणतात, आता बरेच जण पर्सिफॉर्मिसमध्येच धरतात. हे सगळं एका माशाच्या दुकानात उभ्या उभ्या कळलं, मला फार आनंद झाला.

मासा फ्रोझन कोळंबी चिमट्यातून खातो हे माझ्यासमोर दाखवलं आणि मगच विकला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बत्तीसशे रुपये, महाग वाटले नाहीत. छोटे क्लाऊनफिश असतील तर त्यांना वेगळी टाकी करा, तोंडात मावेल ते सगळं हा गिळतो.

पार्किंग नाही, संध्याकाळी स्कूटर घेऊनच जा. आणि काका, ते रॉकफिशचं लेबल काढून खाली 'काटे विषारी' एवढं मोठ्या अक्षरात लिहा, लहान मुलं काचेला चिकटून बघत असतात.