आईचं कुलमुखत्यारपत्र, भावाची सही आणि २८ लाख ३५ हजार

२८ लाख ३५ हजार रुपये रोख आणि ३४ गुंठे जमीन. सप्टेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या पंधरा महिन्यांत आईच्या नावावरून एवढं गेलं. खोटी सही नाही, चोरलेला ओटीपी नाही, अनोळखी माणसाचा फोन नाही. प्रत्येक कागदावर माझ्या धाकट्या भावाची खरी सही आहे, ‘आईतर्फे कुलमुखत्यार’ म्हणून, म्हणजे तिच्या वतीने सगळे व्यवहार करणारा म्हणून. आणि ज्या दस्तामुळे त्याला ती सही करता आली, त्या दस्तावर साक्षीदार क्रमांक २ मी आहे.

लोक विचारतात, शिकलेली बाई तू, वाचलं नाहीस? वाचलं होतं. बावीस कलमं होती, सगळी वाचली. पण तेव्हा आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रुग्णालयाचं बिल २ लाख ८६ हजार, मी पुण्यात, भाऊ गावात, आणि बँक म्हणत होती की खातेदार येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र आणा. कुणीतरी बँकेत जायला हवंच होतं. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या एजंटने तयार मसुदा काढला, नावं बदलली, ५०० रुपयांचा स्टँप आणि ३,५०० त्याचे. कलम १४ असं होतं: ‘सदर मिळकतींची विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल, बक्षीस करणे व त्याकामी आवश्यक ते दस्त नोंदवून देणे.’

‘बक्षीस’ हा शब्द मला दिसला होता. आईचं औषधपाणी बघायला बक्षीस द्यायचा अधिकार कशाला, हे मनात आलंही होतं. सगळ्यांच्याच मसुद्यात असतं, असं एजंट म्हणाला आणि मी गप्प बसले. मुखत्यारपत्राचा अर्थ कायद्यात काटेकोर लावतात. जे लिहिलेलं नाही ते मुखत्याराला करता येत नाही. विकायचा अधिकार दिला म्हणून बक्षीस द्यायचा अधिकार मिळत नाही, तो स्पष्ट शब्दांत लागतो. म्हणजे त्या एका शब्दावर पेनाने रेघ मारून आईची आद्याक्षरी घेतली असती, तर ३४ गुंठे वाचले असते. एजंटचा मसुदा जसाच्या तसा कधीही स्वीकारू नका. पैसे त्याला टायपिंगचे दिलेत, तुमचं घर त्याच्या ताब्यात दिलेलं नाही.

आता पैसे कसे गेले ते क्रमाने सांगते. तुमच्या घरातही याच क्रमाने जातील.

पहिल्यांदा लहान रकमा. आईला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार १४,००० रुपये मी दर महिन्याला माझ्या खात्यातून यूपीआयने देत होते. त्याच पगाराच्या नावाने भावाने आईच्या खात्यातून दर महिन्याला १४,००० रोख काढले. पंधरा महिने, २ लाख १० हजार. बाईंना पगार वेळेवर मिळत होता, त्यामुळे त्यांनी कधी काही विचारलं नाही. मी विचारलं नाही कारण दोन्ही कागद मी एकत्र ठेवून कधी पाहिलेच नाहीत. लहान रकमा काढून माणूस अंदाज घेतो, कुणी विचारतंय का ते बघतो.

मग मोबाइल नंबर. मला सगळ्यात जास्त जाळतं ते हे. आईच्या फोनवर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुटुंबनिवृत्तिवेतनाचा मेसेज यायचा, २८,६४० रुपये जमा. फोनवर बोलताना आई विचारायची, ‘पेन्शन आली का गं?’ आणि मी सांभाळणाऱ्या बाईंना मेसेज वाचायला लावायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेसेज आला नाही. डिसेंबरमध्ये नाही. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, बँक आता मेसेजचे पैसे कापते, म्हणून बंद केले.’ बँका मेसेजचं तिमाही शुल्क घेतात, हे खरंच आहे, म्हणून मला ते पटलं. प्रत्यक्षात मेसेज बंद झालेले नव्हते. मुखत्यार म्हणून त्याने नंबर बदलायचा अर्ज दिला होता आणि सगळे मेसेज, सगळे ओटीपी त्याच्या फोनवर जात होते. तेव्हा मी शाखेत जाऊन फक्त एवढं विचारायला हवं होतं की या खात्याला कुठला नंबर जोडलाय. त्या दिवसापर्यंत गेलेले होते फक्त ४२ हजार. बाकीचे २७ लाख ९३ हजार त्यानंतर गेले.

ठेवींचं पुढे सोपंच झालं. आईची ज्येष्ठ नागरिक बचत योजना जून २०२३ मधली, १५ लाख, ८.२ टक्के, दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज. एक वर्ष पुरं झाल्यावर पण दोन वर्षांच्या आत ही योजना मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. भावाने वर्ष उलटू दिलं आणि जुलै २०२४ मध्ये मोडली. २२,५०० कापले जाऊन १४,७७,५०० खात्यात आले आणि आठ दिवसांत ५ लाख, ५ लाख, साडेचार लाख अशा तीन हप्त्यांनी १४ लाख ५० हजार भावजयीच्या खात्यात गेले. सप्टेंबरमध्ये मुदतठेवींच्या तीन पावत्या मोडल्या, ६ लाख, साडेचार लाख आणि साडेतीन लाखांच्या. त्यातून ११ लाख ७५ हजार आरटीजीएसने एका बिल्डरकडे गेले. फ्लॅट भावाच्या एकट्याच्या नावावर आहे.

१२ नोव्हेंबर २०२४ ला जमीन गेली. आईतर्फे मुखत्यार म्हणून देणारा तो, आणि घेणारा त्याचा मुलगा. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण अशा हातात ती पडली की ३४ गुंठे चहा-नाश्त्याच्या खर्चात नावावर होतात.

मला हे कळलं ते तीन ठिकाणांहून. आईचं जुनं पासबुक घेऊन बँकेबाहेरच्या छपाई यंत्रात घातलं. यंत्र फक्त बारकोड बघतं. आणि आयकर संकेतस्थळावर आईच्या पॅनखाली वार्षिक माहिती विवरण उघडलं, त्यात ठेवींचं व्याज आटलेलं दिसलं. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढली. तिन्ही गोष्टी घरबसल्या किंवा पाच मिनिटांत होतात. दर तीन महिन्यांनी करा. मी पंधरा महिन्यांत एकदाही केल्या नाहीत.

पुढचं ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंश आहे त्यांनी दोनदा वाचा. आईचं निदान फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. मेंदूविकारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र आहे, चाचणीत ३० पैकी १४ गुण. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत माणूस अक्षम झाल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे जुलैपासूनचा एकूण एक मोठा व्यवहार अधिकार संपल्यावर झालेला आहे. पण त्याच कायद्याचं कलम २०८ सांगतं की अधिकार संपल्याचं त्रयस्थाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपलेला नाही. बँकेला कुणी कळवायचं होतं? प्रमाणपत्राची प्रत माझ्या फायलीत होती. एक पानी पत्र, सोबत ती प्रत, आणि आवक शिक्क्याची पोच. मी दिलं नाही, कारण भाऊ आहे, सांभाळतोय, उगाच बँकेसमोर घरातलं कशाला काढायचं, असं वाटलं. तुम्ही ज्या दिवशी निदान हातात पडेल त्याच दिवशी ते पत्र द्या. बँकेने काहीच केलं नाही तरी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे म्हणायची सोय तिला उरत नाही.

आणि आता सरकारी टेबलं.

शाखेत गेले. ‘तुम्ही खातेदार नाही, माहिती देता येत नाही. मुखत्यारपत्र रद्द करायचं तर आईंची सही आणा.’ मी म्हटलं, आईला सही करण्याइतकं भान नाही, हे बघा प्रमाणपत्र. ‘मग कोर्टाचा आदेश आणा.’ म्हणजे रद्द करायला आईची सही चालत नाही कारण ती अक्षम आहे, आणि तिच्याच जुन्या सहीच्या जोरावर भावाची सही मात्र चालते. हे मी तीन अधिकाऱ्यांना तीन वेळा बोलून दाखवलं. तिसऱ्याने मान हलवली, पण लिहून काही दिलं नाही.

तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. परत आली: खातेदाराचं अधिकारपत्र जोडा. पुन्हा आईची सही.

दुय्यम निबंधक म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, खरंखोटं ठरवत नाही. रद्दलेख नोंदवायचा तर लिहून देणार हजर हवा. पुन्हा तेच.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. ‘बहीणभावाचं आहे, घरात बसून मिटवा, ही दिवाणी बाब आहे.’ मुखत्यार म्हणून ताब्यात आलेले पैसे स्वतःच्या घरात वळवणं हा गुन्हेगारी स्वरूपाचा विश्वासघात आहे. १ जुलै २०२४ आधीच्या रकमांना भारतीय दंड संहितेचं कलम ४०६, नंतरच्या रकमांना भारतीय न्याय संहितेचं ३१६. मी तारीखवार तक्ता करून दिला होता. हवालदाराने तो उलटासुलटा करून विचारलं, ‘आईंची स्वतःची तक्रार आहे का?’ दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, हे मला त्याला सांगावं लागलं. प्राथमिक चौकशीला कायद्याने चौदा दिवस आहेत. माझ्या अर्जावर अडीच महिने धूळ बसली. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, आणि ती पावती जोडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. पोलिसांकडे पहिला कागद पोस्टानेच पाठवा. तोंडी हेलपाट्यांचा कुठेही पुरावा राहत नाही.

प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण असतं, २००७ च्या कायद्याखालचं. तिथल्या लिपिकाने अर्ज हातात घेतला आणि म्हणाला, ‘यावर ज्येष्ठ नागरिकाची सही नाही.’ न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, हे कायद्यातच लिहिलंय. ते ऐकून त्याने मला पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. असे पाच सोमवार गेले. कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिलेली असावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटीवर काटेकोर बोट ठेवलं. जानेवारी २०२५ मधल्या निकालात कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला. आमच्या दस्तात सांभाळाचा शब्द नाही. कुणी आईवडील मुलांच्या नावावर काही करत असतील तर ‘आमरण सांभाळ, औषधोपचार व निवासाच्या अटीवर’ एवढं वाक्य दस्तात घालून घ्या.

एकच टेबल चाललं. बक्षीसपत्र नोंदलं की फेरफार आपोआप तयार होतो आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर नोटीस दिसली, मी मुदतीत लेखी हरकत दिली, आणि नोंद विवादग्रस्त म्हणून अडकली. सातबाऱ्यावर अजून आईचं नाव आहे. फेरफार अडवला म्हणून बक्षीसपत्र रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी दावा वेगळा. पण जमीन पुढे विकणं तरी त्याला अवघड झालं.

मुळात मुखत्यारपत्र लागलंच नसतं, याचा मला फार राग येतो. खातेदार आजारी असेल तर अंगठा, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, अशी रिझर्व्ह बँकेची सोय आहे. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यायच्या सूचना आहेत. शाखेत हे एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. मुखत्यारपत्र आणा, एवढंच.

करायचंच असेल तर कुलमुखत्यारपत्र नको, विशेष मुखत्यारपत्र करा. खाते क्रमांक लिहा. महिन्याची मर्यादा आकड्यात लिहा. मुदत बारा महिने. ठेव मोडणं, नंबर बदलणं, बक्षीस, गहाण आणि मुखत्याराच्या स्वतःच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या खात्यात पैसे वळवणं, या गोष्टींची मनाई शब्दांत लिहा. दोन भावंडं मुखत्यार असतील तर ‘संयुक्तपणे’ लिहा. ‘संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे’ लिहिलंत तर दुसरं नाव शोभेचं. दर महिन्याच्या ५ तारखेला खातेउतारा सगळ्या भावंडांना, हे कलम हवंच. मुखत्याराने हिशेब द्यायचा हे करार कायद्याचं कलम २१३ सांगतंच, पण तो मागायचा हक्क अधिकार देणाऱ्याला आहे, बहिणीला नाही. मी भावाला हिशेब मागितला तेव्हा तो म्हणाला, ‘तू कोण?’ कायद्याने त्याचं बरोबर होतं. दस्तात हिशेब मागायचा हक्क माझ्याही नावाने लिहिलेला असता तर नसतं.

आई हयात असताना मला वारस म्हणूनही उभं राहता येत नाही. राहिला एकच रस्ता, मुंबई उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली आईची पालक म्हणून नेमणूक मागणं. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, मालमत्तेची यादी, सगळ्या जवळच्या नातेवाइकांची नावं. आणि भावाचा विरोध धरून चला. वकिलांचे आतापर्यंत १ लाख १५ हजार झाले. हिशेबाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं: हिशेब मागून नाकारला गेला तिथून, मागितलाच नसेल तर मुखत्यारी संपली तिथून. अधिकार कलम २०१ ने फेब्रुवारी २०२४ मध्येच संपला, असं आपणच म्हणत असू तर घड्याळही तिथूनच सुरू धरा. माझ्या वकिलांनी तीच तारीख धरली आहे.

काल पासबुक पुन्हा यंत्रात घातलं. शिल्लक ६३,११८ रुपये. पेन्शन त्याच खात्यात येते, आणि खात्यावर मुखत्यार म्हणून आजही भावाचंच नाव आहे.