विंगेट: हिरव्या बटणापासून सुटका

घरात कुणाचाही कॉम्प्युटर अडला की हाक मला. गेल्या वर्षी मावशीकडे व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकून द्यायला बसलो. गप्पांच्या नादात सर्चमधली पहिली लिंक उघडली आणि पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबलं. ती जाहिरात होती. फाइलचं नाव नुसतं ‘सेटअप’. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. व्हीएलसी आलंच नाही, आला एक क्लीनर. ‘तुमच्या पीसीत ३१२ दोष सापडले’ म्हणून तो दर तासाला बोंबलायचा. त्याला हाकलण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आणि ‘नीट बघून क्लिक करा’ हे सगळ्यांना सांगत फिरणारा मीच.

तेव्हापासून विंगेट वापरतोय. नुसती आज्ञा टाइप केली की प्रोग्राम शोधून, उतरवून बसवून देणारं हे साधन, मायक्रोसॉफ्टचंच. १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. विंडोज ११ मध्ये असतंच, १० मध्ये ‘ॲप इन्स्टॉलर’सोबत येतं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं आणि ‘विंगेट सर्च व्हीएलसी’ टाइप करायचं. काळी खिडकी पाहून मावशी म्हणाली, ‘हॅकिंग करतोयस का रे?’

सर्चमध्ये मिळत्याजुळत्या नावांची रांग येते. तिथे घाई नको. नावाशेजारी आयडी असतो, त्यात आधी प्रकाशक, मग टिंब, मग प्रोग्राम. व्हिडिओलॅन टिंब व्हीएलसी, हा आपला. इन्स्टॉल करताना तोच आयडी द्यायचा. पहिल्यांदा अटी मान्य आहेत का विचारतं, वाय दाबायचं. मग फाइल उतरते आणि एक ओळ येते, ‘सक्सेसफुली व्हेरिफाइड इन्स्टॉलर हॅश’. या ओळीसाठी मी हे वापरतो. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. विंगेटच्या प्रोग्रामांच्या यादीत नोंदवलेला ठसा उतरलेल्या फाइलच्या ठशाशी जुळला, म्हणजे वाटेत फाइल बदललेली नाही. जुळला नाही तर गाडी तिथेच थांबते. कधी कधी प्रकाशकाने नवी फाइल चढवलेली असते आणि यादी मागे राहिलेली असते, तेव्हाही असंच होतं. अशा वेळी जबरदस्ती करू नये, दोन दिवसांनी पुन्हा बघावं.

पण ठसा जुळला म्हणजे प्रोग्राम सज्जन, असं नाही. ही यादी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघडी आहे, त्यात नोंद कुणीही पाठवू शकतो. तपासणी होते, तरी प्रकाशकाचं नाव आपण वाचायचंच.

बाकी काम गुपचूप होतं. ३२ बिट की ६४, हे आपलं आपण ओळखतं. परवानगीची चौकट मात्र येते आणि ती यावीच. फोल्डर स्वतः निवडायचा असेल तर ‘इंटरॅक्टिव्ह’ हा पर्याय जोडायचा, मग नेहमीचा सेटअप समोर येतो.

‘अपग्रेड ऑल’ ही आज्ञा भारी, सगळे प्रोग्राम एका दमात नव्या आवृत्तीवर नेते. हाताने टाकलेले प्रोग्रामही त्यात बरेचसे येतात. फक्त चालू काम सेव्ह करून मगच ती द्या. एखाद्याची जुनीच आवृत्ती हवी असेल तर त्याला आधी ‘पिन’ करून ठेवा, म्हणजे अपग्रेडमधून तो वगळला जातो.

तक्रार म्हणाल तर, ज्याला टाइप करायचा कंटाळा त्याच्यासाठी हे नाही. मावशी स्वतः कधीच वापरणार नाही. म्हणून पाचापैकी चार.

या रविवारी तिचा नवा पीसी येतोय. विंगेटच्या ‘एक्स्पोर्ट’ने जुन्यावरच्या प्रोग्रामांची यादी फाइलमध्ये काढून घेतली, नव्यावर ‘इम्पोर्ट’ केलं की झालं. सेटिंग्ज येत नाहीत, नुसते प्रोग्राम येतात. यादीत अठरा नावं निघाली, त्यात तीन पीडीएफ रीडर. कुठला ठेवायचा ते आधी तिला विचारतो.