१०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण, तारे बघायला: ४ स्टार

कॉलेज रोडच्या एका दुकानातून घेतली. अंजनेरीच्या पायथ्याशी नेऊन अल्गोल नावाचा तारा बघितला, हा दर २.८७ दिवसांनी मंदावतो कारण अंधुक जोडीदार तारा समोरून आडवा जातो, २.१ वरून पार ३.४ प्रतीपर्यंत घसरतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा अंधुक). मोजायला शेजारचे ठरलेल्या तेजाचे तारे घ्यायचे, फोकस जरासा बिघडवायचा म्हणजे ठिपक्यांच्या चकत्या होतात अन् कोण जास्त तेजस्वी ते लगेच कळतं. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा मात्र दुर्बीण हातात धरून काही दोन ताऱ्यांत फुटत नाही, दोघांत ३४ विकलांचंच (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर, स्टँड पाहिजेच, अन् स्टँडला जोडायचा तुकडा डब्यात नव्हताच, दुकानदार म्हणे "साहेब, तो एक्स्ट्रा असतो". एक स्टार तिथेच कापला. दृश्याच्या कडेचे तारे थोडे फाटतात, म्हणजे ठिपक्यासारखे नीट दिसत नाहीत, पण या किमतीत चालतंय की.