पीएच मीटरचं टोपण: द्राक्षबागेत अकरा महिने वापरल्यानंतर

डिसेंबरात, दुसऱ्या डीपिंगच्या (घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या द्रावणात बुडवायच्या) दिवशीच पाण्याचा पीएच मोजणाऱ्या मीटरने दगा दिला. सकाळी सातला टोळी बांधावर येऊन बसलेली. मी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सायट्रिक ॲसिड टाकतोय आणि आकडा ६.८ वरून हलत नाही. मला ६ च्या आसपास पाहिजे होता (आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट). अजून मूठभर टाकलं, ६.८. परत टाकलं, तरी ६.८. शेवटी बायकोने घरातून लिंबू आणून वाटीत पिळलं. लिंबाच्या रसालाही मीटर ६.७ दाखवत होतं! शेजारच्या अण्णांकडून पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या, तर ड्रममधलं पाणी ४ च्या खाली गेलेलं. हे पाणी कोवळ्या मण्यांना लागलं असतं तर साल भाजली असती. जीए अजून मिसळलं नव्हतं, तेवढं वाचलं. ड्रम ओतून दिला, दोन तास टोळी बसून राहिली आणि मजुरी पूर्ण द्यावी लागली.

कारण निघालं टोपण. या पेनासारख्या मीटरच्या टोकाला इलेक्ट्रोडचा, म्हणजे मोजणाऱ्या भागाचा, काचेचा छोटा गोळा असतो, तो कायम ओला लागतो आणि तोही पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात. दुकानदाराने मला सांगितलं होतं, "टोपणात डिस्टिल्ड वॉटर टाका, शुद्ध राहील." आठ महिने मी तेच केलं. शुद्ध पाण्याने इलेक्ट्रोडमधले क्षार बाहेर ओढले जातात, तो हळूहळू मरतो. त्यात टोपणही सैल. फवारणीच्या खोलीत आडवं ठेवलं की पाणी गळून स्पंज कोरडा. साडेसहाशे रुपयांची वस्तू एका रबरी रिंगेवाचून गेली, याचा मला अजून राग आहे.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या (हंगाम संपल्यावरच्या छाटणीच्या) आधी घेतलं तेव्हा मी खूश होतो. सोबतच्या पावडरी पाण्यात विरघळवून ४.०१, ६.८६ आणि ९.१८ ला जुळवलं की आकडा बरोबर यायचा. विहीर ८.१, बोअर ७.६. मी सगळ्यांना सांगत सुटलो की फवारणीला बोअरचंच पाणी चांगलं.

ते मत आता बदललंय. दोन्ही पाणी ६ वर आणताना बोअरला जवळपास दुप्पट ॲसिड लागायचं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आल्यावर उलगडलं: बोअरमध्ये बायकार्बोनेट (ॲसिड खाऊन टाकणारा क्षार) जास्त. पीएच सांगतो पाणी आत्ता कुठे आहे. ते खाली यायला किती अडून बसेल हे बायकार्बोनेट सांगतं. पेन ते दाखवत नाही.

मातीचंही तसंच. पावसाळ्यात शेंडे पिवळे पडले, पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीचा पीएच ८.३. मी ठिबकमधून फॉस्फोरिक ॲसिड सोडत राहिलो, पैसे गेले, पीएच तसूभरही कमी झाला नाही. मग एका ढेकळावर ॲसिडचे दोन थेंब टाकून बघितले. चुर्र करून पांढरा फेस आला. एवढी चुनखड असेल तर तुम्ही टाकलेलं ॲसिड चुनाच खाऊन टाकतो. लोह मातीत असतंच, पण इतक्या पीएचला ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून लोहाला धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या पदार्थासोबतचं लोह द्यावं लागतं. त्यातलं ईडीटीए लोह अशा जमिनीत टिकत नाही, ते साधारण साडेसहा पीएचपर्यंतच चालतं. ईडीडीएचए लोह महाग आहे, पण आमच्या जमिनीला तेच. ठिबकच्या नळीतून लालभडक पाणी पडायला लागलं आणि पंधरा दिवसांत नवी पानं हिरवी निघाली.

बंद पडलेलं मीटर घेऊन दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "इलेक्ट्रोड वॉरंटीत येत नाही, सुटा मिळत नाही, दुसरं घ्या." मी म्हटलं, भाऊ, डिस्टिल्ड वॉटर टाकायला तुम्हीच सांगितलंत. तर म्हणे, माहितीपत्रक वाचायचं होतं. वाचलं, अगदी बारीक अक्षरात शेवटच्या पानावर ते होतं. पण गिऱ्हाईक विचारतंय तेव्हा चुकीचं सांगू नये ना.

नवं दुसरीकडून घेतलं, इलेक्ट्रोड बदलता येणारं, २४०० रुपयांचं. टोपण आट्यांचं आहे, घट्ट बसतं. आत केसीएलचं (पोटॅशियम क्लोराईडचं) द्रावण, बाहेर पांढरे क्षार जमतात ते पाण्याने धुतले की झालं. ड्रममध्ये बुडवण्याआधी दर वेळी ६.८६ च्या द्रावणात एकदा बघतो, मिनिटभराचं काम. साडेसहाशेवालं घेणार असाल तर आधी दुकानातच टोपण लावून उलटं धरा. थेंब गळला तर परत ठेवा.