आईची प्रार्थनेची वही: कागद-दुरुस्ती सेवेचा अनुभव

जुन्या कागदपत्रांची डागडुजी, बांधणी आणि स्कॅनिंग करून देणाऱ्या एका सेवेकडे मी यंदा आईच्या हातची प्रार्थनांची वही सोपवली. काम एकंदरीत उत्तम झाले. चूक एकच झाली, पण तिच्याविषयी सविस्तर लिहिल्याखेरीज हा अभिप्राय पुरा होणार नाही. जिची पाने मी चाळीस वर्षांत उलटली नव्हती आणि जिच्यातल्या मजकुरावर आपला विश्वास आहे की नाही हे सत्तरीनंतरही मला छातीठोकपणे सांगता येत नाही, ती वही परक्याच्या हाती देताना मी घुटमळलो, याचे माझे मलाच नवल वाटले.

कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. अशा कागदातले लिग्निन (लाकडातून आलेले द्रव्य) उजेडाने पिवळे पडत जाते, आम्लाने तंतू ठिसूळ होतात आणि घडीवर पान तुटते. त्यात तरुणपणी मीच कडांना चिकटपट्ट्या लावलेल्या. त्यांचा गोंद कागदात मुरून तपकिरी झाला होता. पाने लॅमिनेट करून द्यावीत, ही माझी मागणी त्यांनी साफ नाकारली. उष्णतेने बसवलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते आणि आतले आम्ल आतच राहते, हे त्यांनी न कंटाळता समजावले. त्याऐवजी झाडाच्या सालीच्या तंतूंपासून केलेला तलम जपानी कागद गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावला. ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कोणाला याहून चांगला उपाय सापडला तर आजचे काम उसवता येते. आम्ल उतरवण्यापूर्वी त्यांनी एका अक्षरावर ओलसर टिपकागद टेकवून पाहिला. त्यावर निळी शाई उतरली, तेव्हा पाण्याचा बेत रद्द करून पाण्याविना करायची पद्धत वापरली.

प्रत्येक पानाचा खालचा कोपरा आईच्या अंगठ्याने काळवंडलेला आहे. तो मळ काढायचा का, हे विचारायला त्यांनी काम थांबवून फोन केला. मी नको म्हणालो. एक पान इतरांपेक्षा बरेच जास्त मळले आहे, हे त्यांनीच लक्षात आणून दिले. घरापासून दूर असलेल्यांच्या सुखरूपतेची ती प्रार्थना आहे. मी शिकायला म्हणून घर सोडले ते कायमचेच.

चूक झाली ती टाइप केलेल्या प्रतीत. माझी नजर आता अधू झाल्याने मोठ्या अक्षरांतली प्रत मी मुद्दाम मागितली होती. टाइप करणाऱ्याने आईचा मजकूर छापील पुस्तकाशी ताडून अकरा ठिकाणी ‘शुद्ध’ केला. त्यातल्या एका ओळीत छापील प्रतीत ‘मला’ आहे आणि आईच्या वहीत ‘आम्हांला’. आईने ते आजीच्या तोंडून ऐकून लिहिले होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे तिने ते कोणाकडून उचलले हे आता कळायला मार्ग नाही. ‘बरोबर काय ते आम्ही दिले आहे,’ असे आधी मला ऐकवण्यात आले. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत ज्याला आपण आदराने पाठभेद म्हणतो, तोच घरच्या वहीत आढळला की अशुद्धलेखन ठरतो! अंगठ्याचा मळ पुसण्यापूर्वी ज्यांनी परवानगी मागितली, त्यांना शब्द पुसताना ती मागावीशी वाटली नाही. बऱ्याच वादानंतर त्यांनी प्रत विनामूल्य बदलून दिली, पण त्यात तीन आठवडे गेले.

स्कॅनिंग 600 डीपीआयचे (म्हणजे इंचाला 600 ठिपके) असून टिफ आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइली मिळाल्या. त्याबद्दल तक्रार नाही. मूळ वही आम्लमुक्त पेटीत, उजेडापासून दूर ठेवली आहे. सकाळी मी नवी प्रत वाचतो. ते वाचन श्रद्धेचे की सवयीचे, याचा निवाडा मी लांबणीवर टाकला आहे.

काम द्यायला हरकत नाही. मात्र मागणीपत्रात ‘मजकूर जसाच्या तसा’ असा रकाना नाही. तो आपल्या हाताने लिहून त्याखाली त्यांची सही घ्यावी. शिवाय नव्या प्रतीचा कागद गुळगुळीत आहे आणि दिव्याखाली चकाकतो, तेव्हा बिनचकाकीचा आधीच मागून घ्यावा.